लूपीचा संशयित पालक

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ते मुद्दाम केलं नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढे वाचूच नये. आणि ज्यांना लगेच पटलं असेल त्यांच्याकडे मी जरा बारकाईने बघेन, कारण माझं म्हणणं इतक्या चटकन कुणाला पटतं असा माझा अनुभव नाही.

माझं, म्हणजे लॉर्न बोयचुकचं, सगळं आयुष्य यॉर्कटनला पीकविम्यात गेलं. गारा पडल्या की शेतकरी दावा करायचा आणि मी शेतात जाऊन गव्हाच्या काड्या तपासायचो. ही गारेने मोडली, ही वाऱ्याने पडली, आणि ही, दादा, तुमच्याच ट्रॅक्टरखाली आली. हे सगळं अर्थातच हसतमुखाने. ‘सॉरी हं’, ‘उगाच त्रास देतोय तुम्हाला’, ‘कॉफी नको, आत्ताच झाली’ असं म्हणत म्हणत खोलात शिरायचं. मनात संशय आणि ओठांवर सॉरी, ही आमच्या धंद्याची रीत. निवृत्त झालो तेव्हा कचेरीने घड्याळ दिलं, ते बंद पडलं. संशय तेवढा अजून नीट चालतो.

माझ्या बायकोला, ओरिस्याला, विणकामाचं वेड आहे. बोटांत संधिवात शिरला आणि सुया धरवेनात, तेव्हा तिने एक जुनं विणयंत्र घेतलं. जेवणाच्या टेबलाएवढं लांब धूड. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, वायरीतून यंत्राला कळवायचं, आणि हाताने नुसता गाडा इकडून तिकडे सरकवायचा. झर्र-खट, झर्र-खट. चित्र यंत्राला समजावून सांगण्याचं काम लूपी नावाचा एक चिमुकला प्रोग्राम करायचा. कुणा भल्या माणसाने तो कधीतरी लिहून लोकांना फुकट देऊन टाकला होता. यंत्रावर बसली की ओरिस्या गुणगुणायची. तिच्या आजीची युक्रेनी गाणी, ज्यांचे शब्द तिलाही धड येत नाहीत. मी शेजारच्या खोलीत टीव्हीवर हॉकी बघायचो. संसार सुखाचा होता.

आमचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. विकतच्या मालावर माझा विश्वास नाही. फुकटच्यावर तर त्याहून नाही. पण लिनक्समध्ये आत काय घातलंय ते निदान उघडून बघता येतं. मी कधी बघत नाही, पण बघता येतं हे महत्त्वाचं.

तर ऑगस्टच्या शेवटी मी लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. का? कारण ‘नवी आवृत्ती आली आहे’ असं पडद्यावर रोज येत होतं आणि एखाद्या गोष्टीची इतकी आठवण करून दिली की मला अपराध्यासारखं वाटतं. सगळं सुरळीत झालं. अक्षरं गुळगुळीत दिसायला लागली, घड्याळ कोपऱ्यातून मध्यभागी आलं. लूपी तेवढा नाहीसा झाला.

शोधाशोध केली तेव्हा कळलं की आमच्या डिस्ट्रोवाल्यांनी, म्हणजे लिनक्सचा आमचा अवतार बांधून देणाऱ्यांनी, त्याला नव्या आवृत्तीत ठेवलंच नव्हतं. कारण एका ओळीत दिलं होतं: पालक नाही, कालबाह्य लायब्ररीवर विसंबून आहे, काढून टाकला. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामांनी उसनी घ्यायची तयार हत्यारं. आणि लिनक्सच्या जगात प्रत्येक प्रोग्रामला एक पालक लागतो. तो त्याचं गाठोडं बांधतो, नियमाप्रमाणे नीट करून ठेवतो, तक्रारी ऐकतो. लूपीचा पालक कधीच सोडून गेला होता. बिचारा अनाथ म्हणून नोंदला गेला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

ओरिस्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू मुद्दाम केलंस.”

“मी?”

“हॉकीचा मोसम तोंडावर आलाय. यंत्राच्या आवाजात तुला कॉमेंट्री ऐकू येत नाही. दर शनिवारी टीव्हीचा आवाज वाढवत बसायचास.”

“अगं, आवाज वाढवणं आणि यंत्र बंद पाडणं यात काही फरक आहे की नाही?”

“आहे ना. आधी आवाज वाढवून पाहिलास.”

बरं, नुसता विणण्याचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. ओरिस्या, ब्लान्श, लव्हर्न आणि फेय अशा चौघींची कर्लिंगची टीम आहे. आमची मुलं डायपरमध्ये होती तेव्हापासून या चौघी बर्फावरून दगड सरकवतायत. ब्लान्श त्यांची कप्तान. ती हिवाळा संपला की लेकीकडे केलोनाला कायमची जाणार. म्हणजे जानेवारीतली स्पर्धा ही चौघींची मिळून शेवटची. त्या स्पर्धेसाठी ओरिस्या चार स्वेटर विणणार होती, छातीवर कर्लिंगचा दगड आणि पाठीवर प्रत्येकीचं नाव. लोकर आणून ठेवलेली. आणि आता तिने यंत्रावर चादर टाकली. धूळ बसू नये म्हणून टाकतात तशी नव्हे. डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात, त्यानंतर टाकतात तशी.

गुणगुणणं बंद झालं. घरात इतकी शांतता की हॉकीची कॉमेंट्री शब्दन् शब्द ऐकू येत होती, आणि मला सामन्यात काय चाललंय ते कळत नव्हतं.

माझा पडलेला चेहरा कुंपणावरून बघून शेजारचा डेल्मर म्हणाला, “तुझा लिनक्सच चुकीचा आहे. माझ्याकडे लूपी मजेत आहे.”

लिनक्सचं पेरोगीसारखं आहे. पीठ सगळ्यांचं एकच, पण आत बटाटा की कोबी, उकडायची की वरून परतायची, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलत नाहीत. डेल्मरची डिस्ट्रो वेगळी, माझी वेगळी. त्याच्याकडचं गाठोडं माझ्याकडे उघडत नाही. उघडलं तर आतला प्रोग्राम म्हणतो, मला अमुक लायब्ररी हवी. ती माझ्याकडे असते, पण वेगळ्या नावाने आणि वेगळ्या कपाटात. नाव जुळलं तर आवृत्ती जुळत नाही.

“जबरदस्ती कर,” डेल्मर म्हणाला.

“नियमात बसतं का?”

“न बसणाऱ्या गोष्टीलाच जबरदस्ती करतात ना?”

केली. एका आज्ञेत सगळं झालं. लूपी उघडला, आणि कॉम्प्युटरचा आवाज गेला, प्रिंटर ओळख विसरला. पण लूपी उघडला ना! मी ओरिस्याला हाक मारली. योगायोगाने त्या वेळी बाकीच्या तिघीही स्वयंपाकघरात कॉफी पीत होत्या, त्याही आल्या. चादर काढली, लोकर चढवली, गाडा सरकायला लागला. माझी छाती फुगली. इंच इंच करत कर्लिंगचा दगड खाली उतरला.

त्या नव्या लायब्ररीला लांबी-रुंदीचा हिशोब वेगळा कळत असावा. दगड उभा ताणला गेला होता आणि वरची मूठ बाजूला सरकली होती.

ब्लान्शने चष्मा पुसला, परत लावला. “हे आमच्या नातवाला रात्री बसवायचं भांडं आहे ना?”

“माझं नाव पाठीवर नको,” लव्हर्न घाबरून म्हणाली. “मी साधंच घालीन काहीतरी.”

ओरिस्याने चादर परत टाकली, चारी कोपरे नीट केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “कॉम्प्युटरचा आवाज गेला. टीव्हीचा मात्र शाबूत राहिला.”

म्हणून मी ठरवलं की लूपीला दत्तक घ्यायचं. आमच्या डिस्ट्रोत कुणीही सामान्य माणूस अनाथ प्रोग्रामचा पालक होऊ शकतो, असं स्वच्छ लिहिलं होतं. मी अर्ज केला. आयुष्यभर अहवाल लिहिलेला माणूस मी, पत्र झोकात लिहिलं. आपण सर्वजण विनामूल्य करत असलेल्या कार्याबद्दल कृतज्ञता, माझ्या अज्ञानाबद्दल आगाऊ क्षमायाचना, वगैरे. उत्तर ‘ग्रॅव्हल’, म्हणजे खडी, अशी सही करणाऱ्या कुणाकडून आलं. तिथे बरेच जण टोपणनावाने वावरतात. पत्रात नमस्कार नाही, चमत्कार नाही. ‘नियमावली वाचा. मग बोला.’

नियमावली वाचली. पीकविम्याची नियमावली लिहिणारी माणसं मला निर्दय वाटायची, आता त्यांची आठवण येऊन गलबललं. प्रोग्राम या कपाटात, माहिती त्या कपाटात, चित्रं तिसऱ्या. लूपी पोटात स्वतःची एक जुनी लायब्ररी बाळगून होता, तर ते चालणार नाही. सामाईक आहे ती वापरायची, स्वतःचा डबा आणायचा नाही. वापराचं माहितीपान हवंच, कुणी वाचणार नसलं तरी. मूळ लेखकाने परवान्याच्या जागी ‘वापरा आणि मजा करा’ एवढंच लिहिलं होतं. ग्रॅव्हलने विचारलं, ‘मजा करण्यात इतरांना वाटणं धरलं आहे का?’ मी त्या लेखकाला हुडकून काढलं. तो न्यू ब्रन्सविकला मधमाश्या पाळतो आणि लूपी आपण लिहिला हेच विसरला होता. त्याच्याकडून लेखी परवाना आणला.

‘वर्णनाच्या ओळीच्या शेवटी पूर्णविराम आहे,’ ग्रॅव्हलने लिहिलं. ‘तो नको.’

एवढ्यासाठी सगळं गाठोडं परत आलं होतं. मी पूर्णविराम काढला आणि लिहिलं, ‘लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार. आपला वेळ घेतल्याबद्दल सॉरी.’ दर वेळी असंच लिहायचो. आत काय उकळत होतं ते माझं मला माहीत. पण आपल्याकडे पायावर कुणी पाय दिला तर आपणच सॉरी म्हणतो, त्यातला मी.

महिना उलटला तरी लूपी उंबऱ्याबाहेरच. डेल्मर म्हणाला, “तू एकटा पडलायस. तिथे पाठिंबा लागतो, आवाज उठवावा लागतो. ते माझ्याकडे लागलं.”

मी त्याला नको म्हणालो होतो, हे नमूद करून ठेवतो. त्याने तिथे नवं खातं उघडून लिहिलं, ‘लॉर्नसारखा सज्जन माणूस मिळणार नाही. लूपी लवकर त्याच्या हवाली करा.’ एवढ्यावर थांबला असता तर तो डेल्मर कसला? त्याने ब्लान्श, लव्हर्न आणि फेयलाही खाती उघडून दिली. त्या दिवशी दुपारी तिघींनी, आमच्याच स्वयंपाकघरात बसून, केळ्याचा केक खात, एकामागून एक लिहिलं. ‘फार गोड माणूस आहे.’ ‘उशीर का लावताय?’ ‘विश्वास ठेवा, त्याच्यात काही वाईट नाही.’ ओरिस्याने मात्र काही लिहिलं नाही. तिचं मत अजून बनत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रॅव्हलचं पत्र आलं, सगळ्या जगाला दिसेल असं.

‘श्री. बोयचुक, एक नवखा माणूस, ज्याला इथे कुणी ओळखत नाही, अचानक उगवतो. थकल्या-भागल्या, बेवारस प्रोग्रामची किल्ली मागतो. कितीही त्रास दिला तरी चिडत नाही, उलट आभार मानतो. आणि मग एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून, चार कोरी करकरीत नावं येऊन त्याच्या सज्जनपणाची ग्वाही देतात आणि घाई करायला सांगतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका गोड माणसाने दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये चोरदरवाजा बसवला होता. आम्ही ते विसरलेलो नाही. तुम्ही कोण आहात आणि तुम्हाला नेमकं काय हवंय?’

मी! ज्याने जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, त्याच्यावर संशय! आणि कशाबद्दल, तर सभ्यपणाबद्दल! खरं सांगू का? अहवाल उत्तम होता. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता, म्हणून तर जास्त झोंबला.

माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. हा ग्रॅव्हल आहे कोण? लूपी आला नाही तर फायदा कुणाचा? मेलव्हिलच्या बायकांच्या टीमचा. त्या गेल्या वर्षी आमच्या चौघींकडून हरल्या होत्या आणि हस्तांदोलन करताना त्यांची कप्तान जरा जास्तच हसली होती. की डेल्मरच ग्रॅव्हल? लूपी फक्त त्याच्याच डिस्ट्रोत राहिला तर मला शेवटी त्याच्याकडे जावं लागेल, आणि डेल्मरला तर तेच हवंय.

“डेल्मर, खरं सांग,” मी कुंपणावरून विचारलं, “तू ग्रॅव्हल आहेस का?”

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी तुझ्यासाठी चार खाती काढली!”

“तीच तर भानगड आहे. कुणी आपल्या माणसाला इतकी मदत करतं का?”

तो आठवडाभर बोलला नाही. आमच्या दारासमोरचा पाचोळा त्याने आमच्याच बाजूला लोटून ठेवला.

शेवटी ग्रॅव्हलनेच मार्ग काढला. त्यांच्याकडे जुनी पद्धत आहे. अनोळखी माणसाने आतल्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचं, सरकारी ओळखपत्र दाखवायचं आणि आपल्या गुप्त किल्लीचा ठसा, म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक माळ, समोरासमोर वाचून दाखवायची. पटलं तर आतला माणूस त्या किल्लीवर आपली सही देतो. ‘मी रविवारी एल्मग्रोव्हच्या फाउल सपरला आहे,’ ग्रॅव्हलने लिहिलं. ‘तिथे मला सगळे ओळखतात. एकटे येऊ नका असं म्हणणार नाही, पण त्या चौघांना आणू नका.’

ओरिस्या पत्र वाचून म्हणाली, “ही बाई आहे.”

“कशावरून? खडीवरून?”

“‘तिथे मला सगळे ओळखतात.’ पुरुष असं लिहीत नाही, तो नुसता जागा सांगतो. मीही येते.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“टर्कीसाठी येतेय,” ती म्हणाली.

फाउल सपर म्हणजे सुगीनंतरचं गावजेवण, आणि एल्मग्रोव्हचं सभागृह तुडुंब भरलं होतं. आसपासच्या गावांतून माणसं आलेली, टर्की, कुस्करलेला बटाटा, कोबीच्या गुंडाळ्या, ग्रेव्हीची भांडी हातोहात फिरतायत. ओरिस्या गोड पाईच्या रांगेत उभी राहिली. तिथून सगळा हॉल दिसतो. मी भांबावून उभा असताना कोपऱ्यातून आवाज आला, “बोयचुक! इकडे.”

ओरिस्याचं खरं निघालं. ग्रॅव्हल म्हणजे इर्मा टेव्ज़, सत्तरीला टेकलेली, गावातली केमिस्ट. इर्माबाईंनी जन्मभर खोट्या चिठ्ठ्या पकडल्या होत्या. ताटाशेजारी त्यांनी भिंग मांडून ठेवलं होतं. एका कटाक्षात आम्ही एकमेकांना ओळखलं. एकाच पंथाची माणसं.

“पासपोर्ट,” त्या म्हणाल्या.

“मुदत संपलीय. सॉरी.”

“पुन्हा सॉरी! लायसन्स?”

लायसन्स त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरलं, वाकवलं, भिंगातून पाहिलं. “हा वोलोदिमिर कोण?”

“मीच. वोलोदिमिर लॉर्न बोयचुक. वोलोदिमिर आजोबांचं नाव. बाप्तिस्म्यानंतर मला कुणी त्या नावाने हाक मारली नाही.”

“म्हणजे तुम्ही दोन नावांनी वावरता.”

ग्रेव्ही वाढणारी मुलगी आमच्याजवळ थबकली. समोरच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “या वयात लग्न जमवतायत गं. पण हिने आधी कागद मागितले, शहाणी आहे.” मी पाईच्या रांगेकडे पाहिलं. ओरिस्या आमच्याचकडे बघत होती.

“ठसा वाचा,” इर्माबाई म्हणाल्या. “मोठ्याने. या गलक्यात मला ऐकू येत नाही.”

मी खिशातली चिठ्ठी काढून वाचायला लागलो. “चार, ए, नऊ, नऊ, एफ...” आसपासची बडबड कमी झाली. “बी, सात, शून्य...” पलीकडच्या टेबलावरचे एक आजोबा घाईघाईने खिसे चाचपायला लागले. “अरे, माझं कार्ड कुठंय? यंदा बिंगो जेवणाआधीच सुरू केलं का?” त्यांच्या सुनेने त्यांना खाली बसवलं. मी वाचत राहिलो. कोपऱ्यातून कुणीतरी आशेने “बिंगो!” असं ओरडलंसुद्धा.

इर्माबाईंनी स्वतःच्या चिठ्ठीशी प्रत्येक अक्षर ताडून पाहिलं. मग चिठ्ठी घडी घालून बाजूला ठेवली. “कागद ठीक आहेत,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही ठीक नाही.”

“म्हणजे?”

“मी कितीतरी वर्षं हे काम करतेय, मिस्टर बोयचुक. नियमावली वाचून न चिडलेला खरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पूर्णविरामावरून मी तुम्हाला मुद्दाम परत पाठवलं. खरा माणूस त्या ठिकाणी मला शिव्या देतो. तुम्ही आभार मानलेत. ज्याला आतून काहीच लागत नाही असा माणूस एकतर संत असतो, नाहीतर त्याला कुणीतरी पगार देत असतो. संत काही कॉम्प्युटरच्या नादी लागत नाहीत. माझी सही मिळणार नाही. टर्की खाऊन जा.”

“सॉरी,” मी म्हणालो. सवयीने.

आणि मग आतून काहीतरी तुटलं.

“नाही! सॉरी नाही!” मी उभा राहिलो. काटा खाली पडला. “मुद्दाम? तो पूर्णविराम मुद्दाम? अहो बाई, त्या पूर्णविरामासाठी मी जेवलो नव्हतो! काय नियम आहेत की थट्टा? हे या कपाटात, ते त्या कपाटात. माहितीपान लिहा, जे तुम्हीसुद्धा वाचलं नाहीत, कारण त्यात मी एक चूक मुद्दाम ठेवली होती! मजेचा अर्थ विचारायला मी मधमाश्यावाल्याला गाठलं! एका लायब्ररीला गावोगावी वेगळं नाव ठेवता, तुमची लायब्ररी आहे की फरारी आरोपी? मला तुमचा दरवाजा नको, चोरदरवाजा नको, मला काय करायचंय तुमच्या आत येऊन? मला स्वेटर हवेत! चार!”

थांबायला हवं होतं, पण बांध फुटला होता.

“माझ्या बायकोला वाटतं मी हे हॉकीसाठी केलं! तिने यंत्रावर चादर टाकलीय, मयतावर टाकतात तशी! तिची बोटं वळत नाहीत. सकाळी कप दोन्ही हातांनी धरते आणि मला दिसू नये म्हणून पाठ करून पिते. मला दिसत नाही? काड्या बघण्यात जन्म गेला माझा, कुठली वाऱ्याने वाकली आणि कुठली आतून मोडली ते मला लांबून कळतं! ते एक यंत्र होतं जिथे तिला बोटांचा विसर पडायचा. गायची ती. बेसूर गायची, मी टीव्हीचा आवाज वाढवायचो, आणि आता घर इतकं गप्प आहे की मला तो टीव्ही फेकून द्यावासा वाटतो! आणि तुम्ही मला विचारता तुम्हाला नेमकं काय हवंय!”

मी धपकन खाली बसलो. भर फाउल सपरमध्ये, चर्चच्या बायकांसमोर, बोयचुकांच्या खानदानात कुणी एवढ्या मोठ्याने बोललं नसेल.

इर्माबाईंनी कोबीची गुंडाळी कापली, खाल्ली, तोंड पुसलं.

“माहितीपानातली चूक मी पाहिली होती,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या परिच्छेदात. तुमचा अंत बघत होते.” मग पेन काढून चिठ्ठीवर टिकलीएवढी खूण केली. “घरी गेल्यावर किल्लीवर सही करते. लबाड माणसाला घाई असते, पण त्याला असं दुखत नाही. आता पाई घ्या, भोपळ्याची संपत आली असेल.”

पाई घेऊन ओरिस्याच आली. दोन बश्या, दोन्ही हातांनी घट्ट धरलेल्या. माझ्यासमोर एक ठेवली. इर्माबाईंकडे बघून मान हलवली. आम्ही बश्या रिकाम्या केल्या.

गाडीत मेलव्हिल मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “बेसूर?”

“म्हणजे... सॉरी.”

“पुरे कर आता तुझं सॉरी.” तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. बोटं न लपवता. “मला वाटलं होतं तुला कप दिसत नाही.”

घरी पोचल्यावर कोटसुद्धा न काढता तिने यंत्रावरची चादर ओढून काढली, झटकली आणि धुवायला टाकली. लूपी तेव्हा अजून यायचाच होता. मी ते बोललो नाही.

लूपी आला. डेल्मरशीही समेट झाला, कारण त्याच्या डिस्ट्रोच्या पुढच्या आवृत्तीतून लूपी निघण्याची वेळ आली आणि त्यांनी मी नीट केलेलाच घेतला. फक्त कपाट बदललं आणि लायब्ररीचं नाव बदललं. डेल्मर सगळ्यांना सांगतो की त्याच्याकडचा जास्त चांगला चालतो. जानेवारीत चौघी स्वेटर घालून बर्फावर उतरल्या. दगड गोल, मूठ जागच्या जागी. हरल्या, तेही मेलव्हिलकडूनच, पण ब्लान्शने स्वेटर अंगातून काढलाच नाही, बक्षीस समारंभात घामाने निथळत बसली होती. मलाही एक स्वेटर मिळाला. त्यावर ते नातवाचं भांडं आहे. ओरिस्या म्हणते, तो नमुना वाया घालवायचा नव्हता.

परवा लूपीसाठी एक पत्र आलं. कुणी अनोळखी माणूस. माझ्या कामाबद्दल कृतज्ञता, स्वतःच्या अज्ञानाबद्दल क्षमायाचना, मी थकलो असेन तर थोडा भार उचलायला आनंदाने तयार. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पानभर एकही तक्रार नाही. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

“किती छान लिहितो!” ओरिस्या मागून वाचत म्हणाली.

“तेच तर. कोण आहे हा? काय हवंय याला?”

ती यंत्राकडे गेली, गाडा धरला. झर्र-खट, झर्र-खट. शेजारच्या खोलीत हॉकी चालू होती, काय चाललंय ते मला अजिबात ऐकू येत नव्हतं.

“त्याला एवढंच विचार,” ती गुणगुणणं थांबवून म्हणाली, “की घरी कोण बोलत नाहीये त्याच्याशी? कुणी नसेल तर किल्ली देऊ नकोस.”